रीबूटनंतरही टिकले पाहिजे : आरएचसीएसएच्या तयारीचा अनुभव

माझी नोकरी ॲप्लिकेशन सपोर्टची. लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करायचे, लॉग चाळायचे, अडकलेली सेवा पुन्हा सुरू करायची आणि त्यापलीकडचे काही निघाले की सिस्टिम ॲडमिन मंडळींकडे तिकीट वळते करायचे, असा दिनक्रम होता. काही वर्षे हे काम केले की कमांड हाताला सरावतात, पण त्या कमांडमुळे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत नेमके काय बदलते, हे ठाऊक झालेले असतेच असे नाही. सर्व्हर ॲडमिनिस्ट्रेशनच्या कामाकडे वळायचे ठरवले तेव्हा सर्टिफिकेशन करण्यामागे माझे दोन हेतू होते. अर्जात दाखवता येईल असे काही हाती असावे, हा एक. आणि तुकड्यातुकड्यांनी गोळा झालेले ज्ञान एका सलग क्रमाने पुन्हा शिकण्याची सक्ती व्हावी, हा दुसरा. दुसरा हेतू मला अधिक महत्त्वाचा वाटत होता आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए (रेड हॅट सर्टिफाइड सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर) परीक्षेची निवडही मी त्यावरूनच केली.

पर्याय बरेच होते. कॉम्पटियाची ए प्लस ही १९९३ पासून चालत आलेली परीक्षा दोन पेपरांची असते. प्रत्येक पेपराला ९० मिनिटे आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. पहिल्या पेपरात हार्डवेअर आणि नेटवर्क, तर दुसऱ्यात ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षा आणि बिघाडशोधन येते. हेल्पडेस्कवर नव्याने रुजू होणाऱ्यासाठी ती उत्तम आहे. विंडोजपासून मोबाइलपर्यंत सगळ्याची तोंडओळख ती करून देते. लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूटच्या एलपीआयसी-१ साठी १०१ आणि १०२ असे दोन पेपर द्यावे लागतात, प्रत्येकी ६० प्रश्नांचे आणि ९० मिनिटांचे. तिचा गुण असा की ती एकाच कंपनीच्या लिनक्सला बांधलेली नाही. डेबियन आणि रेड हॅट या दोन्ही घराण्यांच्या पॅकेज पद्धती तिच्यासाठी शिकाव्या लागतात. विंडोज सर्व्हरकडे जायचे असते तर एकेकाळी एमसीएसई हे उत्तर ठरलेले होते. पण मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ च्या अखेरीस ती मालिका बंद केली आणि तिची जागा कामाच्या भूमिकेनुसार आखलेल्या, क्लाउडकडे झुकलेल्या परीक्षांनी घेतली.

मी रेड हॅटची आरएचसीएसए निवडली, ती एका कारणासाठी. तिच्यात बहुपर्यायी प्रश्न नसतातच. ईएक्स२०० या क्रमांकाच्या या परीक्षेत तीन तास प्रत्यक्ष यंत्रणा समोर असते, कामे दिलेली असतात आणि ती करून दाखवायची असतात. ३०० पैकी २१० गुण मिळाले की उत्तीर्ण. इंटरनेट नाही, स्वतःच्या नोंदी नाहीत. यंत्रणेसोबत येणारी मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहितीपाने, आणि इतर दस्तऐवज मात्र वापरता येतात. बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा निरुपयोगी असते, असे माझे म्हणणे नाही. संकल्पना किती रुंद पसरल्या आहेत, हे ती चांगले मोजते. पण चार पर्यायांतून योग्य कमांड ओळखणे आणि रिकाम्या टर्मिनलसमोर ती आठवणे यांत फार अंतर आहे, आणि मला ते अंतरच कापायचे होते.

या परीक्षेच्या जाहीर उद्दिष्टांत एक अट दिलेली आहे. केलेली सर्व रचना यंत्रणा रीबूट झाल्यानंतर कोणीही हात न लावता तशीच टिकली पाहिजे. म्हणजे सेवा आत्ता चालते आहे, हे पुरेसे नाही. यंत्रणा बंद होऊन पुन्हा उठल्यावरही ती चालली पाहिजे. पहिल्या वाचनात ही केवळ गुणदानाची तांत्रिक बाब वाटते. अभ्यास पुढे सरकला तसे लक्षात आले, की ऑपरेटिंग सिस्टिम समजून घेण्यासाठी या अटीइतके नेमके सूत्र मला आजवर कोणी दिलेले नव्हते. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, स्मृतीत या क्षणी असलेली स्थिती वेगळी आणि डिस्कवरील फाइलींमध्ये नोंदलेली स्थिती वेगळी. सपोर्टच्या कामात आम्ही जवळजवळ नेहमी पहिलीला हात लावत असू आणि दुसरीचा विचार दुसऱ्या कोणावर तरी सोपवलेला असे.

म्हणून वहीत प्रत्येक विषयासाठी दोन रकाने आखले, एक चालू स्थितीचा आणि दुसरा नोंदलेल्या स्थितीचा, आणि अभ्यासक्रम त्यात भरत गेले. सिस्टिमसीटीएल स्टार्ट सेवा आत्ता सुरू करते, एनेबल ती पुढच्या बूटसाठी नोंदवते, आणि या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कर्नलचे पॅरामीटर सिसीटीएलने चालू स्थितीत बदलतात, कायम ठेवण्यासाठी मात्र सिसीटीएल.डी या डिरेक्टरीत फाइल लागते. फायरवॉल सांभाळणाऱ्या फायरवॉलडीची गंमत आणखी वेगळी. नुसती परवानगी जोडली तर ती लगेच लागू होते आणि रीबूटनंतर नाहीशी होते. 'परमनंट' लावून जोडली तर ती नोंदली जाते, पण रीलोड करेपर्यंत लागू होत नाही. एकाच कमांडची दोन रूपे बरोबर उलट वागतात. यंत्रणेचे लॉग ठेवणाऱ्या जर्नलडीच्या नोंदीही याच प्रकारातल्या. मूळ व्यवस्थेत व्हार-लॉग-जर्नल ही डिरेक्टरी नसेल तर जर्नल 'रन' या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये राहते आणि रीबूटबरोबर पुसले जाते. म्हणजे यंत्रणा का पडली, हे जिथे पाहायचे, तीच जागा पडण्याबरोबर रिकामी होते. ही एक डिरेक्टरी तयार करून ठेवण्याचे महत्त्व बिघाडाच्या दुसऱ्या दिवशी लॉग शोधलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

सरावासाठी लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन उभारल्या. पूर्वी यासाठी सेंटओएस हे रेड हॅटसारखेच पण विनामूल्य लिनक्स ठरलेले उत्तर असे. सेंटओएस लिनक्स ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला आणि अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स ही वितरणे त्या जागी आली. रेड हॅटच्या वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शनमध्ये १६ यंत्रणांपर्यंत खरे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सही विनामूल्य चालवता येते. मी एका मशीनवर ते आणि दुसऱ्यावर अल्मा ठेवले. माझ्या अभ्यासापुरता तरी फरक जाणवला नाही. प्रत्येक मशीनला दोन रिकाम्या जादा डिस्क जोडल्या आणि स्वच्छ अवस्थेचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला. नियम एकच केला : सरावाचा शेवट नेहमी रीबूटने करायचा आणि केलेली प्रत्येक गोष्ट त्यानंतर पुन्हा तपासायची.

बूटच्या प्रक्रियेवर मी अपेक्षेपेक्षा बराच अधिक काळ रेंगाळले आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचा, पासवर्ड हरवलेल्या यंत्रणेत शिरकाव करणे हा या अभ्यासक्रमातला जुना विषय आहे. त्याची कृती पाच-सहा ओळींची असून बहुतेक जण ती तोंडपाठ करतात. पाठ केली तर ती परीक्षेपुरती राहते. समजून घेतली तर बूटची सारी साखळी उलगडते. यूईएफआय (संगणकातले मूळ फर्मवेअर) ग्रब या बूटलोडरला उठवतो, ग्रब कर्नल आणि त्यासोबत इनिटरॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम स्मृतीत आणतो. खरी रूट (मुळाची) फाइलसिस्टिम ज्या डिस्कवर, ज्या एलव्हीएममध्ये (डिस्कची जागा लवचीकपणे वाटणाऱ्या व्यवस्थेत) आहे, तिच्यापर्यंत पोहोचायला लागणारे ड्रायव्हर आणि साधने या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये असतात. खरी रूट सिसरूट या ठिकाणी माउंट झाली, म्हणजे जोडली गेली, की ताबा तिच्याकडे जातो आणि तिथला सिस्टिमडी प्रक्रिया क्रमांक १ म्हणून पुढचे सारे सुरू करतो.

ग्रबच्या मेन्यूत ई दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी आरडी.ब्रेक लिहिले, की ही साखळी नेमकी ताबा सोपवण्याच्या आधी थांबते. आपण इनिटरॅमएफएसमध्ये असतो, खरी रूट सिसरूटवर आहे पण केवळ वाचनासाठी. म्हणून ती लिहिण्यायोग्य करून पुन्हा माउंट करायची, सीएचरूटने तिच्यात शिरायचे आणि पासवर्ड बदलायचा. यानंतर ऑटोरीलेबल नावाची एक रिकामी फाइल तयार करायची असते, आणि हीच पायरी घाईत सुटते. या टप्प्यावर एसईलिनक्सचे, म्हणजे फाइलींवरच्या लेबलांवरून प्रवेश ठरवणाऱ्या सुरक्षाव्यवस्थेचे, धोरण लोड झालेलेच नसते. त्यामुळे नव्याने लिहिल्या गेलेल्या, पासवर्ड साठवणाऱ्या शॅडो फाइलला योग्य लेबल मिळत नाही. पुढच्या बूटमध्ये धोरण लागू होते, लॉगिनच्या प्रक्रियेला ती फाइल वाचू दिली जात नाही, आणि पासवर्ड अचूक टाकूनही दार बंद राहते. ती रिकामी फाइल सापडली की यंत्रणा सर्व फाइलींना नव्याने लेबले लावते. मोठ्या डिस्कवर या कामाला बराच वेळ जातो आणि पडदा बराच काळ निश्चल दिसतो, तेव्हा मशीन बंद करण्याचा मोह टाळावा. ग्रबच्या मेन्यूत केलेला बदलही त्या एका बूटपुरताच असतो. कर्नलचा पॅरामीटर कायम ठेवायचा तर ग्रबी वापरावे लागते. वहीतल्या दोन रकान्यांत हाही बसला.

परवानग्यांचा विषय मला येतो, असे मी धरून चालले होते, आणि फाइलींपुरते ते खरेही होते. डिरेक्टरीच्या बाबतीत मात्र आर (वाचणे), डब्ल्यू (लिहिणे) आणि एक्स (चालवणे) यांचे अर्थ बदलतात. डिरेक्टरीवरचा आर म्हणजे आतील नावांची यादी वाचण्याचा हक्क, एक्स म्हणजे आत शिरून त्या नावांपर्यंत पोहोचण्याचा हक्क, आणि डब्ल्यू म्हणजे ती यादी बदलण्याचा. म्हणून स्वतःच्या होम डिरेक्टरीत रूटच्या मालकीची, आपल्याला वाचताही न येणारी फाइल असेल तरी साधा वापरकर्ता ती पुसू शकतो. पुसणे हा फाइलवरचा नव्हे, यादीवरचा बदल असतो. हे एकदा करून पाहावे. वाचून पटत नाही. टीएमपी डिरेक्टरीवर इतरांच्या फाइली पुसू न देणारे स्टिकी बिट का असते, हे त्यानंतर वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

स्टोरेजमध्ये मात्र खरी मेहनत होती. एलव्हीएमच्या तीन थरांची, म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम, त्यांचा गट आणि त्या गटातून कापलेले लॉजिकल व्हॉल्यूम यांची, रचना कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात लॉजिकल व्हॉल्यूमचा आकार वाढवला की एलव्हीएस ही कमांड नवा आकार दाखवते आणि फाइलसिस्टिमची जागा सांगणारी डीएफ जुनाच दाखवत राहते, कारण व्हॉल्यूम वाढले तरी त्यावरची फाइलसिस्टिम आपोआप वाढत नाही. एलव्हीएक्स्टेंडला आर हा पर्याय जोडला की दोन्ही एकत्र वाढतात. एक्सएफएस ही रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीपासूनची मूळ फाइलसिस्टिम वाढवता येते, लहान करता येत नाही; ईएक्सटी४ अनमाउंट करून लहानही करता येते. त्यामुळे एक्सएफएसच्या बाबतीत सुरुवातीला हात आखडता ठेवून नंतर गरजेप्रमाणे वाढवत जाणे शहाणपणाचे.

आणि मग एफएसटॅब, म्हणजे बूटवेळी कोणती फाइलसिस्टिम कुठे माउंट करायची ते सांगणारी फाइल. सहा रकान्यांची एक ओळ, पण यंत्रणा उठेल की नाही हे ती ठरवते. मी सरावात मुद्दाम त्यात चुकीचा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा एकमेव ओळखक्रमांक) लिहून रीबूट केले आणि काय होते ते शेवटपर्यंत पाहिले. सिस्टिमडी त्या न सापडणाऱ्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहतो. पडद्यावर सेकंद मोजणारी ओळ सरकत राहते. मुदत संपली की बूट आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन थांबते आणि रूटचा पासवर्ड मागते. आत गेल्यावर रूट फाइलसिस्टिम वाचनापुरतीच असेल तर ती आधी लिहिण्यायोग्य करायची, ओळ सुधारायची, डेमन-रीलोड करायचे आणि बाहेर पडायचे. हे दृश्य आधी शांतपणे पाहिलेले असेल तर प्रत्यक्ष प्रसंगी हातपाय गळत नाहीत. त्याहून चांगले म्हणजे ते येऊच न देणे. ओळ लिहिली की फाइंडमाउंटला व्हेरिफाय सांगून ती तपासायची आणि माउंटला ए हा पर्याय देऊन रीबूटआधीच चालवून बघायची. डिस्कचे नाव एसडीबी असे न लिहिता यूयूआयडी लिहायचा, कारण ही नावे सापडण्याच्या क्रमाने मिळतात आणि एखादी डिस्क काढली-जोडली की बदलू शकतात. लॉजिकल व्हॉल्यूमचे नाव मात्र स्थिर असते, तिथे ते चालते.

एसईलिनक्सबद्दल आमच्या क्षेत्रात एक रूढ सल्ला आहे : काही चालत नसेल तर आधी ते बंद करा. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने २००० साली खुली केलेली ही व्यवस्था २००३ मध्ये कर्नलच्या २.६ आवृत्तीत मुख्य प्रवाहात आली, म्हणजे तिला दोन दशके उलटून गेली आहेत. तरीही तो सल्ला टिकून आहे, याचे कारण तिची तक्रार जिथे दिसते तिथे तिचे नाव नसते. वेब सर्व्हर 'फॉरबिडन' म्हणतो, फाइलीच्या परवानग्या तर बरोबर असतात, आणि माणूस गोंधळतो. परीक्षेत ती एन्फोर्सिंग, म्हणजे नियम सक्तीने लावणाऱ्या, अवस्थेत ठेवून काम करता आले पाहिजे, म्हणून मला तिच्याशी जुळवून घेणे भाग होते, आणि हे बरेच झाले.

जो प्रयोग करून माझी भीती गेली, तो असा. होम डिरेक्टरीत एक एचटीएमएल फाइल तयार केली आणि ती एमव्हीने वेब सर्व्हरच्या डिरेक्टरीत हलवली, पान उघडेना. तशीच दुसरी फाइल सीपीने कॉपी केली, ती उघडली. एलएसला लेबल दाखवणारा मोठ्या झेडचा पर्याय दिला तेव्हा उलगडा झाला. हलवलेली फाइल होम डिरेक्टरीतले आपले लेबल घेऊन आली होती. कॉपी ही नवी फाइल असल्याने तिने नव्या जागेचे लेबल घेतले. रिस्टोरकॉन चालवले की पहिलीही सुधारते. इथेही दोन रकाने आहेतच. सीएचकॉनने लेबल बदलले तर ते फाइलीवर बदलते, पण धोरणाच्या नोंदीत नाही. पुढच्या वेळी कोणी रिस्टोरकॉन चालवले किंवा पूर्ण रीलेबल झाले की बदल पुसला जातो. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नोंद करून मग रिस्टोरकॉन चालवणे, हा टिकणारा मार्ग. बूलियन, म्हणजे धोरणातल्या चालू-बंद कळा, बदलताना सेटसीबूलला मोठा पी जोडणे, हेही त्याच जातीचे. वेब सर्व्हर नेहमीच्या पोर्टऐवजी वेगळ्या पोर्टवर उठत नसेल तर त्या पोर्टचीही सेमॅनेजमध्ये नोंद करावी लागते.

सेमॅनेजची ती लांबलचक ओळ, कंस आणि ताऱ्यांसकट, लक्षात ठेवण्याचा प्रयत्न मी लवकरच सोडून दिला, कारण सेमॅनेज-एफकॉन्टेक्स्टच्या मॅन पेजवर खाली उदाहरणांत ती जवळजवळ हवी तशीच लिहिलेली असते; वेब नावाच्या डिरेक्टरीचे उदाहरण आहे, तेवढे नाव बदलायचे. मॅन पेजेस वाचायची सवय हा या तयारीतून मिळालेला सर्वांत टिकाऊ लाभ असावा. मॅनला के हा पर्याय देऊन विषयाचा शब्द शोधायचा. नव्या मशीनवर काहीच सापडत नसेल तर आधी मॅनडीबी चालवून सूची तयार करायची. आठव्या विभागात प्रशासनाच्या कमांड, पाचव्यात फाइलींचे स्वरूप. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनटॅबची कमांड पहिल्या विभागात आणि तिच्या ओळीतील पाच काळ-रकान्यांचा अर्थ पाचव्यात, त्यामुळे आकडा न देता मॅन क्रॉनटॅब म्हटले तर हवे ते पान मिळत नाही. इंटरनेटवरचे उत्तर कोणत्या आवृत्तीचे आहे, हा प्रश्न मॅन पेजच्या बाबतीत उद्भवत नाही. जे पान समोर आहे ते याच मशीनवर बसवलेल्या साधनाचे असते.

मी दिलेल्या, रेड हॅट लिनक्सच्या नवव्या आवृत्तीवरच्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात कंटेनरही (ॲप्लिकेशन बाकी यंत्रणेपासून वेगळे ठेवून चालवण्याची सोय) होते. पॉडमॅन या साधनाने साध्या वापरकर्त्याच्या नावाने कंटेनर चालवणे सोपे आहे. पण तो वापरकर्ता लॉगआउट झाला की त्याच्या सेवा थांबतात आणि बूटनंतर तो लॉगिन करेपर्यंत सुरूही होत नाहीत. लॉगिनसीटीएलने त्याच्यासाठी लिंगर, म्हणजे लॉगिनविनाही सेवा चालण्याची मुभा, सुरू ठेवावे लागते. नेटवर्क, वापरकर्ते, वेळेची जुळणी, पॅकेजे हे विषय रोजच्या कामामुळे हाताखालचे होते, त्यांच्यावर फार वेळ घालवला नाही. फक्त आयपी कमांडने दिलेला पत्ता तात्पुरता आणि एनएमसीएलआयने प्रोफाइलमध्ये लिहिलेला पत्ता कायमचा, एवढी नोंद केली.

प्रक्रिया आणि स्मृती यांना परीक्षेत फार जागा नाही, पण सपोर्टच्या कामात त्यांचाच उपयोग अधिक होतो, म्हणून मी अभ्यासक्रमाबाहेरही वाचले. याच काळात एका सर्व्हरवर डिस्क शंभर टक्के भरल्याचा इशारा आला. सहकाऱ्याने भलीमोठी लॉग फाइल पुसली, तरी डीएफ शंभर टक्केच दाखवत होते. डीयू मात्र जागा मोकळी झाल्याचे सांगत होते. पूर्वी अशा वेळी सर्व्हर रीबूट करा, एवढेच सुचले असते. लिनक्समध्ये फाइलीचे नाव डिरेक्टरीत असते आणि तिचा खरा तपशील आयनोडमध्ये. नाव पुसले तरी एखाद्या प्रक्रियेने ती फाइल उघडी धरलेली असेल तर आयनोड आणि त्याचे ब्लॉक सुटत नाहीत. डीयू नावे मोजत जाते, डीएफ फाइलसिस्टिमचे वापरलेले ब्लॉक पाहते, म्हणून दोघांचे जमत नव्हते. एलएसओएफने नाव नसलेल्या पण उघड्या फाइलींची यादी काढली, प्रक्रिया सापडली, ती सेवा पुन्हा सुरू केली आणि त्याच क्षणी जागा परत आली. फाइल पुसण्याऐवजी तिचा आकार शून्य केला असता तर एवढेही करावे लागले नसते.

परीक्षा मी घरून दिली. त्यासाठी आपला संगणक रेड हॅटने दिलेल्या यूएसबी प्रतिमेवरून बूट करावा लागतो, बाहेरून जोडलेला कॅमेरा लागतो, आणि यंत्र चालते की नाही याची पूर्वतपासणी आधीच करून ठेवता येते, ती करावीच. सुरुवातीला ओळखपत्र, टेबल आणि खोली कॅमेऱ्यातून दाखवावी लागते आणि पर्यवेक्षक संपूर्ण वेळ पाहत असतो. प्रश्न उघड न करण्याचा करार आपण मान्य केलेला असतो, त्यामुळे त्यांविषयी इथे काही लिहिणे योग्य नाही. वर आलेले सर्व विषय जाहीर उद्दिष्टांतले आहेत. वेळेचे नियोजन मात्र सांगता येईल. आधी सर्व कामे वाचून काढली. बूट आणि स्टोरेजशी संबंधित कामे, म्हणजे बिघडली तर सगळेच हातचे घालवतील अशी, लवकर हातावेगळी केली. आणि पहिले रीबूट वेळेच्या मध्यावरच केले. अखेरच्या पाच मिनिटांत पहिल्यांदा रीबूट करणे म्हणजे दुरुस्तीची संधी स्वतःहून सोडून देणे आहे. शेवटी पुन्हा एकदा रीबूट करून वहीतल्या दोन रकान्यांच्या क्रमाने सगळे तपासले. निकाल लगेच कळत नाही; काही कामकाजाच्या दिवसांत ईमेलने येतो. त्यात उत्तीर्ण असल्याची ओळ, एकूण गुण आणि विषयगटांनुसार टक्केवारी होती. कोणते काम कुठे कमी पडले, हे त्यावरून कळत नाही.

बाजारात प्रश्नसंच विकणारे भेटतात. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी या परीक्षेच्या बाबतीत तो व्यवहार निरर्थक आहे असे मला वाटते. उत्तर ठाऊक असून हात चालत नसेल तर तीन तासांत ते झाकता येत नाही, आणि झाकता आले तरी पहिल्या आठवड्यात सहकाऱ्यांना समजते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते; वरची परीक्षा दिली की ती पुढे सरकते. प्रमाणपत्राने काय मिळाले नाही, हेही सांगायला हवे. परीक्षेतील यंत्रणा स्वच्छ असते. दुसऱ्या कोणी पाच वर्षांपूर्वी बसवलेली, अर्धवट दस्तऐवज असलेली यंत्रणा वाचण्याचे कौशल्य तिच्यातून येत नाही. भाराखाली हळू झालेला सर्व्हर, नावनिराकरणात अडकलेले नेटवर्क, बॅकअपमधून परत उभारणी हे सारे कामावरच शिकावे लागते.

अंतर्गत बदलीने सिस्टिम ॲडमिनच्या गटात आल्यावर मला दिलेले पहिले मोठे काम कर्नल अद्ययावत करण्याचे होते. त्यातला एक सर्व्हर दीर्घकाळ रीबूटच झालेला नव्हता आणि त्याला हात लावायला कोणी तयार नव्हते; मधल्या काळात त्यावर किती जणांनी काय काय केले, याची नोंद नव्हती. मी वहीतले दोन रकाने एका छोट्या स्क्रिप्टमध्ये उतरवले. चालू सेवा आणि एनेबल केलेल्या सेवा, माउंट झालेल्या फाइलसिस्टिम आणि एफएसटॅबमधल्या ओळी, फायरवॉलची चालू यादी आणि कायम यादी, कर्नलचे चालू पॅरामीटर आणि फाइलींत लिहिलेले पॅरामीटर यांची तुलना तिने करायची. हाताने सुरू केलेली एक सेवा निघाली, कुठेच नोंद नसलेले एक माउंट निघाले आणि फायरवॉलमध्ये केवळ चालू स्थितीत असलेले काही नियम निघाले. त्या नियमांतील दोन कोणी आणि कशासाठी जोडले, हे कोणालाच सांगता येईना. म्हणून सगळे सरसकट कायम करण्याऐवजी मी ॲप्लिकेशनच्या गटाकडून एकेक नियम तपासून घेतला, ज्यांचे काम पटले तेवढेच नोंदवले आणि ते दोन वगळले. ठरलेल्या रात्री सर्व्हर रीबूट झाला, सेवा आपापल्या उठल्या, वगळलेल्या नियमांची आठवण आजवर कोणी काढलेली नाही. ती स्क्रिप्ट आता दर महिन्याला सर्व सर्व्हरवर चालते आणि फरक आढळला की तिकीट त्या बदलाच्या मालकाकडे जाते.